आकड्यांमागचे शिवार
वित्तीय सल्लासेवेतील माहिती-विश्लेषकाचे काम आणि पातूर तालुका

एखाद्या तालुक्यात पीककर्ज किती वाटावे, कोणत्या गावांत थकबाकी वाढण्याचा संभव आहे, विम्याची भरपाई कोणत्या महसूल मंडळास द्यावी, हे प्रश्न पूर्वी बव्हंशी माणसांच्या ओळखीवर आणि अनुभवावर सुटत असत. सोसायटीचा सचिव कर्जदारास ओळखत असे; बँकेचा निरीक्षक शिवारात जाऊन पीक पाहत असे. आज कर्जदारांची संख्या फार वाढली आहे आणि बँकांचे सर्व व्यवहार संगणकावर आले आहेत. त्यामुळे असे निर्णय उत्तरोत्तर आकड्यांच्या आधारे होऊ लागले आहेत. हे आकडे जमविणे, निवडणे, तपासणे आणि त्यांचा अर्थ निर्णय घेणाऱ्यांपुढे मांडणे हा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. हे काम करणारास ‘डेटा ॲनालिस्ट’ म्हणतात; आपण त्यास माहिती-विश्लेषक म्हणू.

हा विश्लेषक सामान्यतः मुंबई, पुणे, हैदराबाद यांसारख्या शहरांत बसून काम करतो. त्याच्यापुढील कोष्टकात पातूर तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याची एक ओळ असते. ती ओळ मात्र शहरात लिहिली गेलेली नसते. ती लिहिली जाते गावच्या पीक पाहणीत, सोसायटीच्या खतावणीत आणि पीक कापणीच्या प्रयोगात. म्हणूनच या व्यवसायाची ओळख अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे.

व्यवसायाचे स्वरूप

बँका, विमा कंपन्या व इतर वित्तसंस्था आपल्या अडचणींवर बाहेरील तज्ज्ञांचा सल्ला घेतात. असा सल्ला देणाऱ्या संस्थांना वित्तीय सल्लासंस्था म्हणतात. कर्जातील जोखीम मोजणे, फसवणूक शोधणे, रिझर्व्ह बँकेस सादर करावयाची विवरणपत्रे तपासणे, नव्या योजनेचा खर्च व परिणाम यांचा अंदाज बांधणे, अशी कामे त्यांच्याकडे येतात. विश्लेषक हा या संस्थेचा कर्मचारी. निर्णय घेण्याचा अधिकार त्याचा नसतो. परंतु निर्णय ज्या पायावर उभा राहतो, तो पाया तो घालतो.

त्याच्या कामाचे साधारणपणे पाच टप्पे सांगता येतात. प्रथम प्रश्न नेमका ठरवावा लागतो. ‘थकबाकी का वाढली?’ हा प्रश्न मोघम आहे. ‘दोन वर्षांत कोणत्या पिकाच्या, कोणत्या मंडळातील व किती रकमेपर्यंतच्या कर्जाची थकबाकी वाढली?’ हा प्रश्न कामाचा आहे. दुसरा टप्पा माहिती मिळविण्याचा. यासाठी एसक्यूएल ही संगणकीय प्रश्नभाषा, एक्सेलसारखी कोष्टके आणि पायथॉनसारख्या भाषा वापरतात. तिसरा टप्पा माहिती शुद्ध करण्याचा, चौथा तुलनेचा व पृथक्करणाचा, आणि पाचवा निष्कर्ष सोप्या शब्दांत सांगण्याचा. बाहेरच्यांना वाटते की, विश्लेषकाचा बहुतेक वेळ चौथ्या टप्प्यावर जात असावा. वस्तुतः सर्वांत अधिक वेळ तिसरा टप्पा खातो, कारण हाती आलेली माहिती क्वचितच निर्दोष असते.

महाराष्ट्रातील जुना वारसा

व्यवसायाचे नाव नवे असले, तरी आकड्यांच्या आधारे वित्तव्यवस्था तपासण्याची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली तेथे गावोगावच्या आर्थिक पाहण्या झाल्या. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे आणि १,२७,३४३ कुटुंबे तिच्यात घेतली होती. या पाहणीच्या मार्गदर्शन समितीवर गाडगीळ होते. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३.१ टक्के आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के असल्याचे तिने दाखवून दिले. या दोन आकड्यांनी पुढील धोरणाची दिशा ठरविली. १९५५ मध्ये भारतीय स्टेट बँक अस्तित्वात येण्यामागे या पाहणीच्या शिफारशी होत्या. गाडगीळ यांच्याच अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६९ मध्ये बँकांसाठी क्षेत्रनिहाय दृष्टिकोन सुचविला आणि त्या वर्षअखेर अग्रणी बँक योजना आली. आजही प्रत्येक जिल्ह्याचा वार्षिक पतपुरवठा आराखडा याच चौकटीत होतो.

पीकविम्याचेही असेच आहे. प्रत्येक शेताचे नुकसान स्वतंत्रपणे मोजणे व्यवहार्य नाही; म्हणून एका क्षेत्राचे सरासरी उत्पन्न मोजून त्या क्षेत्रातील सर्वांना एकाच प्रमाणात भरपाई द्यावी, हा विचार वि. म. दांडेकर यांनी मांडला. १९७९ पासूनचे प्रायोगिक विमा कार्यक्रम आणि १९८५ ची सर्वंकष पीकविमा योजना याच तत्त्वावर आधारलेली होती. २०१६ च्या खरिपात सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेतही हेच क्षेत्रतत्त्व आहे.

पातूरचा आकडा वाचताना

अकोला-वाशीम मार्गावरील पातूर तालुक्याचे उदाहरण घेऊ. समजा, एका विश्लेषकास या तालुक्यातील शेतीकर्जाची तीस-चाळीस वर्षांची वाटचाल पाहावयाची आहे. पहिल्याच दिवशी त्याच्या वाटेत तीन खड्डे येतात.

पहिला खड्डा सीमांचा. वाशीम हा वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्यापूर्वीच्या ‘अकोला जिल्हा’ या शब्दांत आजचा वाशीम जिल्हाही सामावलेला आहे. हे ध्यानात न घेता १९९७ व १९९९ चे आकडे शेजारी ठेवल्यास जिल्ह्यातील पेरणी व कर्ज एका वर्षात कोसळल्याचा भास होईल. उलट, अकोला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे कार्यक्षेत्र विभाजनानंतरही दोन्ही जिल्ह्यांत राहिले. त्यामुळे बँकेचा आकडा आणि जिल्ह्याचा आकडा एक नव्हे. खुद्द पातूर हे गाव जुन्या वऱ्हाडात बाळापूर तालुक्यात होते. स्वतंत्र तालुक्याचे आकडे त्यानंतरचे.

दुसरा खड्डा नावांचा. याच जिल्ह्यात पातूर नंदापूर नावाचे दुसरे गाव आहे. कोणी कोष्टकात नुसते ‘पातूर’ लिहिले, कोणी ‘पातुर’ लिहिले, तर संगणकास ती निरनिराळी गावे वाटतात आणि कधी दोन निराळी गावे एकच वाटतात. यावर उपाय म्हणजे जनगणनेचा गावसंकेतांक. नाव चुकले, तरी संकेतांकावरून गाव सापडते.

तिसरा खड्डा सरासरीचा. पातूर तालुक्याचा उत्तरेकडील भाग काळ्या जमिनीचा, तर दक्षिणेकडे वाशीमच्या पठारास भिडणारा डोंगराळ, हलक्या जमिनीचा भाग आहे. पावसाने ऑगस्टमध्ये तीन आठवडे दडी मारली, तर काळ्या जमिनीतील सोयाबीन तग धरील, मुरमाड जमिनीतील माना टाकील. दोहोंची सरासरी काढल्यास ती ना या शेताची असते, ना त्या शेताची. असे आकडे मध्यमान, सर्वांत कमी व सर्वांत अधिक मूल्य यांसह वाचावेत, हा सांख्यिकीचा प्राथमिक धडा आहे.

याखेरीज शेतीच्या हंगामाचे ज्ञानही लागते. पगारदाराच्या खात्यात दरमहा रक्कम जमा होते. कोरडवाहू शेतकऱ्याचे खाते उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत शांत असते आणि सोयाबीन-कापूस बाजारात गेल्यावर हलू लागते. शहरी कर्जावरून बेतलेली पद्धत या शांततेस धोक्याची खूण मानील. म्हणूनच रिझर्व्ह बँकेच्या नियमांत फरक केलेला आहे. सर्वसाधारण कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की ते अनुत्पादित ठरते. अल्पमुदती पिकांचे कर्ज दोन पीक हंगाम थकल्यावर, आणि दीर्घमुदती पिकांचे एक हंगाम थकल्यावर तसे ठरते. हा भेद न पाळणारा विश्लेषक सचोटीच्या शेतकऱ्यासही थकबाकीदार ठरवून बसेल.

सातशे ग्रॅमची किंमत

गावात घेतलेले एक माप पुढे कोठवर पोहोचते, हे पीकविम्याच्या उदाहरणावरून उत्तम समजते. सुलभतेसाठी काल्पनिक आकडे घेऊ. एखाद्या महसूल मंडळात सोयाबीनचे मागील सात वर्षांचे हेक्टरी उत्पन्न १२, ९, ५, ११, १०, ८ व ४ क्विंटल आहे. यांतील उत्तम पाच वर्षांची सरासरी १० क्विंटल येते. जोखीमस्तर ७० टक्के धरल्यास उंबरठा उत्पन्न ७ क्विंटल ठरते. यंदाचे सरासरी उत्पन्न ५.६ क्विंटल भरले, तर तूट १.४ क्विंटलची, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के झाली. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये असल्यास भरपाई १०,००० रुपये होईल.

आता हे ५.६ क्विंटल कोठून आले, ते पाहू. कापणी प्रयोगाचा तुकडा १० मीटर लांब व ५ मीटर रुंद आहे असे धरू. त्याचे क्षेत्र ५० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तुकड्यातून निघालेल्या धान्यास २०० ने गुणले की हेक्टरी उत्पन्न मिळते. ५.६ क्विंटलसाठी प्रत्येक तुकड्यात सरासरी २ किलो ८०० ग्रॅम धान्य निघालेले असते. तेच सरासरी माप ३ किलो ५०० ग्रॅम नोंदले गेले, तर उत्पन्न ७ क्विंटल होऊन भरपाई शून्य होते. सातशे ग्रॅमच्या फरकाने साऱ्या मंडळाची हेक्टरी १०,००० रुपयांची भरपाई बुडते; दर ७० ग्रॅममागे १,००० रुपये, असा हा हिशेब आहे. दोष उलट दिशेने झाला, तर देय नसलेली रक्कम सार्वजनिक निधीतून जाते.

सातशे ग्रॅमचा दोष मुद्दाम केला तरच होतो असे नाही. धान्य पुरेसे न वाळविता तोलले, तर ओलाव्याचे वजन उत्पन्नात धरले जाते. दोरी सैल धरली, तर कडेची झाडे तुकड्यात येतात. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात हेच सिद्ध केले होते. तुकडा जितका लहान, तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कडेचा भाग मोठा. त्यामुळे सीमेवरची झाडे आत धरण्याची चूक वाढते आणि उत्पन्न वास्तवापेक्षा अधिक दिसते. अलीकडे काही पिकांसाठी उपग्रहाधारित अंदाजासही भार दिला जातो. तरीही कापणी प्रयोगाचे महत्त्व उरतेच, कारण उपग्रहाचा अंदाज बरोबर की चूक हेही अखेर शेतातील मापाशी ताडूनच पाहावे लागते.

राज्याने २०२३ च्या खरिपापासून केवळ एक रुपयात पीकविमा देऊ केला होता. पुढे बनावट अर्जांच्या तक्रारी वाढल्या आणि २०२५ च्या खरिपापासून ही पद्धत बंद करण्यात आली. अशा अर्जांचा माग काढण्याची रीत साधी आहे. एखाद्या गावात विमा उतरविलेले क्षेत्र व प्रत्यक्ष पेरणीचे क्षेत्र शेजारी मांडावयाचे. पहिले दुसऱ्याहून मोठे दिसले, की चौकशीस जागा आहे. ही तुलना करण्यास पीक पाहणीची नोंद मात्र खरी असावी लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करू शकतो. ती वेळेवर व बांधावर उभे राहून केली, तरच तिला मोल आहे.

कर्जमाफीने दिलेला धडा

सदोष माहितीची किंमत किती मोठी असते, याचा अनुभव राज्याने २०१७ मध्ये घेतला. त्या वर्षी जूनमध्ये दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. ८९ लाख शेतकरी व ३४,०२२ कोटी रुपये असा प्रारंभीचा अंदाज होता. बँकांकडून प्रत्येक खात्याची माहिती ६६ रकान्यांत मागविण्यात आली. शेतकऱ्यांचे अर्ज आणि बँकांच्या याद्या जुळविताना आधार क्रमांक, नावे व खाते क्रमांक यांतील विसंगती मोठ्या संख्येने पुढे आल्या आणि वाटप लांबले. अखेर लाभार्थ्यांची संख्या व रक्कम मूळ अंदाजापेक्षा पुष्कळ कमी राहिली. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत क्रम बदलण्यात आला. बँकांच्या नोंदींवरून याद्या तयार करून त्या फेब्रुवारी २०२० पासून प्रसिद्ध झाल्या आणि शेतकऱ्याने केवळ आपल्या आधारची ओळख पटवून रक्कम मान्य आहे की नाही, हे सांगावयाचे होते.

या दोन योजनांची तुलना विश्लेषकास एक गोष्ट शिकविते. गरीब माणसाकडून अनेक रकाने भरून घेण्यापेक्षा संस्थेकडे असलेली नोंद शुद्ध करून ती त्यास दाखविणे अधिक सोपे व कमी खर्चाचे असते. मात्र त्यासाठी ती नोंद आधीच नीट ठेवलेली हवी. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाचा जो प्रकल्प केंद्र शासनाने २०२२ मध्ये मंजूर केला, त्याचे महत्त्व या दृष्टीने मोठे आहे. संगणक आला, तरी गटसचिवाने जे भरले तेच त्यात राहणार.

जे रकान्यात नाहीत

आकड्यांच्या या कारभारात एक मोठा धोका आहे. संगणक मागील कर्जदारांच्या इतिहासावरून पुढील कर्जदाराची पात्रता जोखतो. ज्यास कधी कर्ज मिळालेच नाही, त्याचा इतिहास कोरा. आणि कोरा इतिहास पुष्कळदा जोखमीचा मानला जातो. वऱ्हाडात ठोक्याने वा बटईने शेती करणारे पुष्कळ आहेत. घाम त्यांचा, पण सातबारा दुसऱ्याच्या नावे. शेतात राबणाऱ्या कित्येक स्त्रियांच्या नावे जमीन नाही. ज्यांच्या नावे आहे, त्यांचे नाव सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरे आणि पासबुकात तिसरे असते. असे लोक कोष्टकात दिसत नाहीत, म्हणून योजनेच्या हिशेबातही येत नाहीत. आपल्या कोष्टकात कोण नाही, हे विचारणे हा चांगल्या विश्लेषकाचा धर्म होय; आणि त्याचे उत्तर देऊ शकतील असे जाणकार गावातच असतात.

दुसरा प्रश्न खासगीपणाचा. कर्ज, उत्पन्न, आजार यांची माहिती ही व्यक्तीची ठेव आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तिचा वापर करणाऱ्यांवर बंधने घातली आहेत. गावातही लाभार्थ्यांच्या आधारच्या प्रती वा खाते क्रमांक मोबाइलवरील गटांत फिरू देणे अनुचित आहे.

ग्रामीण तरुणांना संधी

या व्यवसायासाठी वाणिज्य, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, अभियांत्रिकी वा कृषी यांपैकी कोणत्याही शाखेची पदवी उपयोगी पडते. पातूरच्या विद्यार्थ्यास पदवीचे शिक्षण संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून, आणि कृषिशिक्षण अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून घेता येते. संगणकाची साधने शिकता येण्याजोगी आहेत. त्याहून अवघड आहे ते आकड्यावर शंका घेण्याची सवय लागणे, आणि आपले म्हणणे चार सोप्या वाक्यांत मांडता येणे.

ग्रामीण विद्यार्थ्याजवळ एक भांडवल आधीच असते. सोयाबीन काढणीस केव्हा येते, कापसाची पहिली वेचणी कधी होते, कोणत्या नाल्याच्या काठची शेते दरवर्षी खरडून जातात, हे त्यास पुस्तकातून शिकावे लागत नाही. शेतीकर्ज आणि पीकविमा यांवर काम करणाऱ्या संस्थांना अशा ज्ञानाची निकड असते. शाळेत गणिताच्या तासाला टक्केवारी व सरासरी शिकविताना शिक्षकांनी गावच्या पर्जन्याचे, पेरणीचे वा बाजारभावाचे आकडे वापरले, तर या कामाची पूर्वतयारी तेथेच होते. १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेलेली थकबाकी ‘५ टक्क्यांनी’ वाढली की ‘५० टक्क्यांनी’, या एका प्रश्नावर वर्गात उत्तम चर्चा होऊ शकते. वाढ पाच टक्केबिंदूंची आहे आणि मूळ प्रमाणाच्या तुलनेत ती निम्मी आहे. दोन्ही विधाने खरी, पण परिणाम निरनिराळा.

गावपातळीवर काय करता येईल

पंचायत सदस्यांनी पीक कापणी प्रयोगाचा दिवस व शेत यांची आगाऊ माहिती घ्यावी, प्रयोगाच्या वेळी उपस्थित राहावे आणि मोजपट्टी, तराजू व ओलावा यांकडे लक्ष द्यावे. नोंदलेले वजन त्याच वेळी लिहून ठेवावे. पीक पाहणीची मुदत संपण्यापूर्वी नोंद न झालेल्या शेतकऱ्यांची यादी ग्रामसभेत वाचली, तर राहिलेल्यांना वेळीच सावध करता येते. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले तलाठी, तसेच कृषी सहायक व गटसचिव या तिघांच्या नोंदी वर्षातून एकदा समोरासमोर ठेवून ताडून पाहाव्यात.

शेतकऱ्यांनी आपला पतअहवालही तपासावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. फेडलेले कर्ज थकीत दिसत असेल, तर बँकेकडे व त्या कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत तिचे निराकरण न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे. जानेवारी २०२५ मध्ये बँकांना ही माहिती दर पंधरवड्यास अद्ययावत करणे बंधनकारक झाले. तेव्हा दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षे थांबण्याचे कारण उरलेले नाही.

शहरातील विश्लेषक कितीही कुशल असला, तरी गावात जे लिहिले गेले नाही, ते त्यास वाचता येत नाही. आणि जे चुकीचे लिहिले गेले, ते तो खरे मानून चालतो. बांधावरची नोंद, तराजूवरचे वजन आणि खतावणीतील नाव ही तीन मापे बिनचूक ठेवणे पातूरसारख्या तालुक्याच्या हाती आहे. ती बिनचूक असतील, तर शहरात बसून काढलेला निष्कर्ष शिवारातील वस्तुस्थितीशी जुळेल आणि देय असलेले कर्ज, भरपाई व सवलत योग्य त्या दारी पोहोचेल.